शाळेपर्यंतचा रस्ता

(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय सायकलचा आणि रस्त्याचा आहे. या व्यासपीठावर संतवाङ्मय, इतिहास, आहार-आरोग्य असे विषय आपण ऐकत आलो. त्या रांगेत सायकल जरा किरकोळ वाटेल. म्हणून सुरुवातीलाच एक प्रश्न विचारतो. आपल्या घरातले बारा वर्षांचे मूल सकाळी पाठीला दप्तर लावून, सायकलवर टांग मारून, एकटे शाळेत जाऊ शकते का? आणि आपण त्याला निर्धास्तपणे जाऊ देऊ का?

हात वर करायला सांगत नाही. मनातल्या मनात उत्तर द्या. उत्तर 'नाही' असेल, तर पुढचा प्रश्न असा की, आपल्या लहानपणी हेच उत्तर 'हो' होते. मग मधल्या काळात काय बदलले?

साठीपुढच्या मंडळींना आठवत असेल. तासाच्या हिशेबाने भाड्याची सायकल आणायची. सीटवर बसून पाय पुरत नाहीत, म्हणून नळीखालून पाय घालून कैंची चालवायची. दोन्ही गुडघे फोडून घ्यायचे आणि पंधरा दिवसांत गावभर हिंडायचे. रात्री दिवा नसला की पोलीस अडवायचा, डबलसीट दिसले की चाकातली हवा सोडायचा. अनेक नगरपालिकांत तर सायकलला पत्र्याचा बिल्ला घ्यावा लागे. कर भरल्याची ती खूण. ज्या वाहनावर सरकारला कर बसवावासा वाटतो, त्या वाहनाला गावात मान आहे असेच समजायचे! लग्नात जावयाला सायकल आणि घड्याळ दिले की हौस पुरी झाली, असा तो काळ होता.

आता आपल्या गावाकडे पाहा. बऱ्हाणपूर हे अंतराच्या दृष्टीने लहान गाव आहे. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या २,१०,८८६ होती. निजाम-उल-मुल्कने १७३१ साली बांधलेल्या तटाच्या आतले जुने गाव या टोकापासून त्या टोकापर्यंत पायी चालत अर्ध्या-पाऊण तासात होते. लालबागचे रेल्वे स्टेशन धरले तरी तीन-चार किलोमीटरचा हिशेब. साधी सायकल ताशी बारा किलोमीटरने चालते असे धरा. तीन किलोमीटरला पंधरा मिनिटे लागतात. शनवाऱ्याच्या गर्दीत मोटारसायकललाही त्याहून फार कमी वेळ लागत नाही. म्हणजे अंतर वाढले म्हणून सायकल गेली, हे कारण आपल्या गावाला लागू पडत नाही. शाळा तिथेच आहे, घर तिथेच आहे. त्या दोहोंच्या मधला रस्ता तेवढा मुलांच्या हातून गेला.

'लोकांकडे पैसा आला, सायकल गेली' असे सर्रास म्हटले जाते. त्यात तथ्य आहे, पण ते अर्धेच. उरलेले अर्धे समजायचे असेल तर पुण्याकडे पाहावे लागते. आपल्यापैकी अनेकांची मुले, सुना, जावई आज पुण्यात आहेत, म्हणून उदाहरण परके वाटणार नाही.

पुणे म्हणजे एकेकाळी सायकलींचे शहर. विद्यार्थी, प्राध्यापक, कारकून, कामगार, नऊवारी नेसलेल्या बायका, सगळे सायकलवर. गमत अशी की ज्या शहरात सायकलींचा पूर लोटायचा, त्याच शहराच्या कडेला, आकुर्डीला, बजाजची स्कूटर तयार होऊ लागली. १९७२ साली चेतक आली आणि त्याच सुमारास पुण्याच्या फिरोदियांची लूनाही. मध्यमवर्गीय घराला इंजिनाचे वाहन परवडू लागले. यात कोणी वाईट केले असे नाही. दमलेल्या माणसाला चढावर पायडल मारायचे नसेल, तर तो त्याचा हक्क आहे.

पण पुढे जे झाले ते आपोआप झालेले नाही. स्कूटरी वाढल्या, म्हणून रस्ते रुंद केले. रुंद रस्त्यावर वेग वाढला. वेगाला घाबरून उरलेले सायकलवाले खाली उतरले आणि त्यांनीही स्कूटर घेतली. पुन्हा रस्ते कमी पडले, म्हणून उड्डाणपूल बांधले. २०१८ साली बातमी आली की पुण्यातल्या नोंदलेल्या वाहनांची संख्या छत्तीस लाखांवर गेली आहे, म्हणजे शहरातल्या माणसांपेक्षा जास्त. पहिले काही हजार लोक पैसा आला म्हणून सायकल सोडून गेले असतील. नंतरचे लाखो लोक भीतीने गेले. माझे म्हणणे या उरलेल्या अर्ध्या भागाबद्दल आहे. पैशामुळे सायकल सोडणाऱ्याला अडवू नये. भीतीमुळे सोडणाऱ्याची भीती मात्र दूर करता येते, आणि ते काम रस्ता आखणाऱ्यांचे आहे.

पुण्याने ते करून पाहिले का? पाहिले. २००६ साली बीआरटी सुरू झाली, तेव्हा तिच्या बाजूने सायकलमार्गही झाले. पुढे २०१७ च्या डिसेंबरात महापालिकेने शहराचा सविस्तर सायकल आराखडा मंजूर केला, त्यात आठशे किलोमीटरहून अधिक लांबीचे जाळे आखले होते. कागद उत्तम होता. पण प्रत्यक्षातले सायकलमार्ग तुम्ही पाहिले असतील. चारशे मीटर मार्ग, मग विजेचा डीपी. तो ओलांडला की शंभर मीटर मार्ग, मग उभ्या गाड्या. मग चौक, आणि चौकात मार्गच नाही. नेमके जिथे जिवाला धोका, तिथे सायकलवाल्याला 'आता तुझे तू बघ' असे सांगून मार्ग संपतो.

हे ऐकून बऱ्हाणपूरच्या माणसाला आपला कुंडी भंडारा आठवला पाहिजे. अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात, १६१५ च्या सुमारास, सातपुड्याच्या बाजूने झिरपणारे पाणी जमिनीखालच्या भुयारातून, निव्वळ उताराच्या जोरावर गावापर्यंत आणले गेले. शंभरावर कुंड्या भुयाराने एकमेकींना जोडलेल्या. त्यातली प्रत्येक कुंडी देखणी असती आणि मधले भुयार दहा हात तुटलेले असते, तर गावाला थेंबही मिळाला नसता. पाणी सलग वाहते म्हणून ती योजना. २०२४ साली ती जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली याचा आपल्याला अभिमान आहे. त्या अभिमानाबरोबर तिचा धडाही घेतला पाहिजे. सुरक्षित रस्ता हा घराच्या उंबऱ्यापासून शाळेच्या फाटकापर्यंत सलग असावा लागतो. मधला एक चौक जरी जीवघेणा असला, तरी आई मुलाला सोडत नाही. आणि तिचे बरोबर असते.

आता थोडे आकडे सांगतो, कंटाळू नका. २०२२ या एका वर्षात आपल्या देशात रस्त्यांवरच्या अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. आपल्या मध्य प्रदेशात तेरा हजारांहून जास्त. देशभरात गेलेल्यांपैकी सुमारे ४४ टक्के दुचाकीवरचे होते आणि जवळजवळ २० टक्के पायी चालणारे. म्हणजे दर पाचातला एक जण कोणतेही वाहन चालवत नव्हता. तो नुसता चालत होता. आपण अपघाताला नशीब म्हणतो. पण रोज साडेचारशेहून अधिक माणसे जात असतील, तर त्याला नशीब म्हणून कसे चालेल?

यात वेगाचे गणित आहे आणि ते शाळेतल्या विज्ञानाच्या पुस्तकात असते. वेग दुप्पट झाला की आघाताची ऊर्जा चौपट होते. ताशी ३० किलोमीटरने येणारी गाडी एका सेकंदात आठ मीटर पुढे जाते, ६० ने येणारी जवळजवळ सतरा मीटर. माणसाला समोरचे पाहून ब्रेकवर पाय ठेवायला साधारण एक सेकंद लागतो. गल्लीतून चेंडूमागे पोर धावत आले, तर तीसच्या वेगातला चालक बहुधा थांबतो. साठच्या वेगातल्याचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत गाडी सतरा मीटर पुढे गेलेली असते. पोराची चूक तीच, चालकाचे डोळेही तेच, वेग तेवढा वेगळा.

आणि कायदा काय सांगतो? केंद्र सरकारच्या २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे नगरपालिका हद्दीतल्या रस्त्यांवर मोटारीला ताशी ७० आणि मोटारसायकलला ताशी ६० किलोमीटरपर्यंत मुभा आहे. इतवाऱ्याच्या किंवा लोहारमंडीच्या रस्त्यावर साठ! अर्थात ही वरची मर्यादा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११२ आणि ११५ प्रमाणे राज्य सरकारला आणि त्याने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्यांना एखाद्या भागात वेग कमी करता येतो, ठरावीक वेळी काही वाहनांना बंदीही घालता येते. म्हणजे नवा कायदा करायची गरज नाही. आहे त्या कायद्याचा वापर करायला कोणीतरी मागणी करायची गरज आहे.

यावर हमखास येणारे उत्तर म्हणजे, 'साहेब, हे युरोपात चालते. तिथली माणसे शिस्तीची.' म्हणून हॉलंडची गोष्ट थोडक्यात सांगतो. तिथे सगळे पहिल्यापासून सायकलवर होते आणि आजही आहेत, असा आपला समज असतो. तसे नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथेही मोटारी आल्या, जुन्या वस्त्या पाडून रस्ते रुंद केले गेले, सायकली झपाट्याने घटल्या. १९७१ साली त्या लहानशा देशात रस्त्यावर सुमारे ३,३०० माणसे गेली, त्यात चारशेहून जास्त मुले होती. तेव्हा आई-बाप रस्त्यावर उतरले. ज्याची स्वतःची मुलगी अपघातात गेली, अशा एका पत्रकाराने वर्तमानपत्रात लेख लिहिला, त्यातून चळवळ उभी राहिली. तिचे नावच 'मुलांच्या हत्या थांबवा' असे होते. माणसे रस्त्यावर बसली, मुलांनी रस्ते अडवून खेळ मांडले. १९७३ च्या तेलटंचाईत सरकारने काही रविवार मोटारी बंद ठेवल्या आणि लोकांना आपले शहर मोटारींशिवाय कसे दिसते ते कळले. पुढे पन्नास वर्षे चिकाटीने काम झाले. आज तिथे रस्त्यावरचे वार्षिक मृत्यू सातशेच्या आसपास आहेत, आणि दर चार फेऱ्यांतली एकाहून अधिक फेरी सायकलवर होते. शिस्त आधी आली नाही. आधी आया संतापल्या, मग रस्ते बदलले आणि रस्त्यांनी शिस्त लावली.

दुसरे उदाहरण स्पेनमधल्या पोंतेवेद्रा या गावाचे. लोकसंख्या ऐंशी हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याहून लहान. आपल्यासारखेच जुने, अरुंद गल्ल्यांचे. १९९९ पासून तिथल्या महापौरांनी जुन्या गावातून मोटारी बाहेर काढल्या, बाकी गावात वेग तीसवर आणला. ज्या रस्त्यांवर १९९६ ते २००६ या दहा वर्षांत तीस माणसे गेली होती, तिथे पुढच्या दहा वर्षांत तीन गेली. विशेष म्हणजे गल्ल्या अरुंद आहेत ही त्या गावाची अडचण ठरली नाही. अरुंद गल्ली म्हणजे वेगाला आपोआप लगाम. ज्याला आपण बऱ्हाणपूरचा दोष म्हणतो, ते आपले भांडवल आहे.

आता गावात परत येऊ. आज आपल्याकडे सायकल कोण चालवतो? पहाटे पेपर टाकणारा मुलगा. दूधवाला. पॉवरलूमवर पाळीला जाणारा कामगार. खेड्यातून शाळेत येणारी मुलगी. या सर्वांना दुसरा पर्याय नाही. आणि अलीकडे आणखी एक वर्ग आला आहे. तो रविवारी पहाटे हेल्मेट घालून, गियरच्या सायकलवर असीरगडाच्या रस्त्याला लागतो. त्यांचे कौतुकच आहे. पण या दोन टोकांच्या मध्ये जो मोठा समाज आहे, म्हणजे तुम्ही-आम्ही, तो सायकलवर नाही. त्यामुळे सायकल म्हणजे एक तर गरिबाची लाचारी नाही तर हौशी माणसाचा व्यायाम, असा समज झाला आहे. भाजी आणायला, बँकेत जायला, शिकवणीला जायला लागणारे साधे वाहन, हा तिचा मूळ अर्थ हरवला.

आकडे मात्र वेगळे सांगतात. २०११ च्या जनगणनेत देशातल्या सुमारे ४५ टक्के घरांत सायकल होती. स्कूटर-मोटारसायकल २१ टक्के घरांत आणि मोटार पाच टक्क्यांहूनही कमी घरांत. त्यानंतर दुचाक्या पुष्कळ वाढल्या हे खरेच. तरी सायकल ही मूठभरांची गोष्ट नाही. रस्ता आखताना मात्र मोटारीच्या मालकाचे ऐकले जाते, कारण तक्रार अर्ज करायला त्याला वेळ असतो. लूमवरच्या कामगाराला पाळी चुकवून अर्ज करता येत नाही. त्याच्या वतीने बोलायचे काम आपल्यासारख्या मंडळांनी करावे, असे मला वाटते.

सायकलने काय होते याचा एक पुरावा बिहारमध्ये आहे. तिथे २००६ साली नववीतल्या मुलींना सायकलसाठी पैसे देण्याची योजना सुरू झाली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थतज्ज्ञांनी तिचा अभ्यास केला. योजनेमुळे माध्यमिक शाळेत नाव घालणाऱ्या मुलींचे प्रमाण सुमारे ३२ टक्क्यांनी वाढले, आणि मुलगे-मुली यांच्यातले अंतर ४० टक्क्यांनी घटले. आपल्या राज्यातही दुसऱ्या गावातल्या सरकारी शाळेत जाणाऱ्या सहावी आणि नववीतल्या मुलामुलींना सायकल मिळते. म्हणजे सरकार एका हाताने मुलीला सायकल देते. पण ती जिथून चालवायची, त्या रस्त्याच्या कडेला तिच्यासाठी हातभर जागा कोणी ठेवत नाही. उसाच्या, केळीच्या ट्रकशेजारून ती पोर हँडल घट्ट धरून जाते. एक दिवस धक्का लागतो, आणि 'पुरे झाली शाळा' असे घरात ठरते. अशा मुलीचे नाव अपघाताच्या कोणत्याच यादीत येत नाही. रस्त्याने तिचे शिक्षण नेले, जीव नाही. त्याची मोजदाद कोण करणार?

आक्षेप आणखी आहेत, त्यांनाही उत्तर दिले पाहिजे.

पहिला आक्षेप उन्हाचा. बऱ्हाणपूरचा मे महिना कसा असतो हे मी सांगायला नको. पण शाळा सकाळची असते आणि उन्हाळ्यात सुट्टी असते. उरलेले आठ-नऊ महिने सायकल चालवण्यासारखेच असतात. आणि सावली ही रस्त्याचीच जबाबदारी आहे. रस्ता रुंद करताना कडेची झाडे पाडायची आणि मग 'उन्हात कोण चालवणार' म्हणायचे, याला काय म्हणावे?

दुसरा आक्षेप हातगाडीवाल्यांचा. 'आधी ठेले हटवा, मग बोला.' इथे सावध राहायला हवे. फेरीवाल्यांसाठी २०१४ चा केंद्रीय कायदा आहे. त्यात शहर फेरीवाला समिती नेमून त्यांना जागा ठरवून द्यायची आहे. शिवाय संध्याकाळी रस्त्यावर ठेला असतो, माणसे उभी असतात, तिथूनच मुली न भीता जातात. ओसाड रस्त्याने नाही. ठेल्याला जागा आखून द्या, तो त्या रेषेत राहील. रस्ता सर्वांत जास्त कोणी अडवला आहे ते बघायचे तर दुकानासमोर दिवसभर उभ्या असलेल्या मोटारी मोजा. एका मोटारीच्या जागेत दहा सायकली सहज राहतात.

तिसरा आक्षेप व्यापाऱ्यांचा. 'गाड्या थांबल्या की गिऱ्हाईक थांबेल.' पुण्यात ११ डिसेंबर २०२१ रोजी लक्ष्मी रस्त्याचा एक भाग दिवसभर वाहनांना बंद ठेवून पादचारी दिन साजरा झाला. लक्ष्मी रस्ता म्हणजे कापड-दागिन्यांची पेठ, आपल्या बाजारासारखीच. लोक आले, मुले रस्त्याच्या मधोमध खेळली. अनेकांना पहिल्यांदाच मान वर करून जुने वाडे पाहता आले. खरेदी माणूस करतो, गाडी नाही.

पण पुण्यापर्यंत जायलाच नको. आपल्याकडे हा प्रयोग दरवर्षी होतो, तोही दहा दिवस. आत्ता बाहेर जाऊन पाहा. संध्याकाळी काही रस्त्यांवर मोटारी बंद आहेत. आजी नातवाचा हात न धरता चालते आहे. बायका रात्री दहाला झांकी बघत गावभर पायी हिंडताहेत. ठेलेवाल्यांचा धंदा तेजीत आहे. गाव कुठे अडले? सार्वजनिक गणेशोत्सवाने देव घरातून रस्त्यावर आणला, त्याबरोबर माणसेही रस्त्यावर आली. हे दहा दिवस रस्ता माणसांचा असतो आणि गाव त्याला आनंद म्हणतो. अकराव्या दिवशी आपण तो परत देऊन टाकतो.

अर्थात उत्सवाचे मंडप हेही रस्ता अडवणारेच आहेत, हे आपल्याला कोणीतरी ऐकवणारच. ते ऐकून घ्यावे. मंडपाच्या एका बाजूने चालणाऱ्यासाठी आणि सायकलसाठी सलग वाट ठेवावी, रुग्णवाहिका जाईल एवढी जागा मोकळी ठेवावी. दुसऱ्यांकडे मागण्याआधी आपल्या मंडपापासून सुरुवात केली, तर शब्दाला वजन येते.

आता नेमके मागायचे काय? माझ्या मते चार गोष्टी पुरेत.

पहिली, जुन्या तटाच्या आतल्या भागात आणि प्रत्येक शाळेच्या परिसरात ताशी ३० किलोमीटरची मर्यादा. नुसता फलक नको. गतिरोधक, उंच केलेले पादचारी पट्टे आणि चौकातले कोपरे आवळून वेग प्रत्यक्षात उतरवणारी रचना हवी.

दुसरी, शाळा भरताना आणि सुटताना अर्धा-अर्धा तास शाळेसमोरचा रस्ता मोटारवाहनांना बंद. मुलांना सोडायला येणाऱ्या पालकांच्या गाड्यांची कोंडी हाच शाळेबाहेरचा सर्वांत मोठा धोका असतो. आपल्या मुलाला धोक्यापासून वाचवायला आपण गाडी काढतो आणि दुसऱ्याच्या मुलापुढे धोका उभा करतो.

तिसरी, चालायला पदपथ. पदपथाची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर असावी, असे इंडियन रोड्स काँग्रेसचे मानक आहे. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पादचाऱ्यांचा पदपथाचा हक्क हा संविधानाच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे स्पष्ट केले आहे. तेव्हा आपण उपकार मागत नाही.

चौथी, एक सलग सायकलमार्ग. दहा तुकडे नकोत, एकच द्या, पण पुरा द्या. लालबाग स्टेशनपासून जुन्या गावापर्यंत, मधल्या चौकांसह. दोन्ही टोकांना सायकल उभी करायला सावलीची, कुलूप लावता येईल अशी जागा. तो चालला की दुसरा मागू.

यासाठी मंडळाने काय करावे, याबद्दल एक सूचना मांडतो आणि थांबतो. एक शाळा निवडू. तिच्याभोवतीचा अर्धा किलोमीटर निवडू. दिवाळीच्या सुट्टीआधी एक आठवडा सकाळ-संध्याकाळ आपले आठ-दहा जण वही घेऊन उभे राहतील. किती मुले पायी येतात, किती सायकलवर, किती गाडीवर? कुठे रस्ता ओलांडावा लागतो, कुठे नाली उघडी आहे, कुठे दिवा नाही, कुठे मूल थबकते? सगळे लिहू. मुलांनाच विचारू की तुला भीती कुठे वाटते. ते बोट दाखवून सांगतील. मोठ्यांच्या आराखड्यात ती जागा नसते. मग तो नकाशा घेऊन महापौर, नगर निगमाचे आयुक्त आणि वाहतूक पोलीस यांच्याकडे जाऊ. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा रस्ता सुरक्षा समिती असते, तिच्यापुढे तो विषय म्हणून मांडू. आपल्यात निवृत्त अभियंते आहेत, शिक्षक आहेत, वकील आहेत, व्यापारी आहेत. एका अर्धा किलोमीटरसाठी एवढी माणसे पुष्कळ झाली.

आणि घरी एक गोष्ट करावी. जी कामे दोन किलोमीटरच्या आतली आहेत, त्यांतली आठवड्यातली दोन तरी सायकलने किंवा पायी करावीत. ज्येष्ठांनी चालावे, तरुणांनी पायडल मारावे. पर्यावरण वाचेल, साखर आटोक्यात राहील, हे सगळे आहेच. पण मुख्य कारण वेगळे आहे. रस्त्यावर चार माणसे सायकलवर दिसू लागली की गाडीवाल्याचा पाय ब्रेकवर राहतो. आणि पाचवी सायकल एखाद्या मुलाची असू शकते.

या शहराने चारशे वर्षांपूर्वी जमिनीखालून पाण्याला वाट करून दिली, तीही पंपाशिवाय. जमिनीवरून मुलांना शाळेपर्यंत वाट करून देणे त्याहून अवघड नसावे. बुद्धीचा देव समोर बसला आहे. त्याच्याकडे वाहन म्हणून उंदीर आहे, त्यामुळे वेगापेक्षा पोहोचणे महत्त्वाचे हे त्याला आपल्याहून चांगले कळते. त्याच्या साक्षीने वहीत नाव नोंदवायला कोण कोण तयार आहे, ते आरतीनंतर मला सांगा.